टोपीची दुमडलेली कड

३ मार्च

साडूभाऊ,

नमस्कार. हा नमस्कार रीत म्हणून लिहिलाय, राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

लिहायचं कारण एवढंच की आपल्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आहेत आणि रोज दुपारी फोनला चिकटलेल्या असतात. त्यामुळे आपण एकमेकांशी बोलत नसलो तरी तुमच्या घरी काय शिजलं ते मला कळतं आणि मला शिंक आली तरी ती तुमच्यापर्यंत पोचते. काल ही म्हणाली की भावोजी तुमच्या डोळ्याचं विचारत होते. तर माझा डोळा ठणठणीत आहे. ताईंना मधे घालून चौकशा करू नका. विचारायचं तर मला विचारा, आणि त्याआधी मागच्या हंगामात तुम्ही जे केलंत ते का केलंत ते सांगा.

विसरला असाल तर आठवण करून देतो. फायनल. चहाची सुट्टी नुकतीच संपलेली, मी टाकीकडच्या टोकाला, ऊन समोरून. विकेटकीपरने अपील केलं, मी बोट वर केलं. फलंदाज बॅटकडे बघत, मान हलवत गेला, म्हणजे बॅटला लागलंच नाही असं त्याचं म्हणणं. ते जाऊ द्या, बाद झालेला प्रत्येक जण मान हलवतच जातो. पण तुम्ही? तुम्ही माझे जोडीदार पंच. सामना संपल्यावर तुम्ही सेक्रेटरीला बाजूला घेतलंत आणि सांगितलंत की यांना दुपारनंतर नीट दिसत नाही, डोळे तपासल्याशिवाय उभं करू नका. मला नाही सांगितलंत, सेक्रेटरीला सांगितलंत. त्याने माझं नाव काढलं आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायला सांगितलं. मी आणलं नाही. जन्म मैदानावर काढल्यावर तिथे उभं राहायला मला कागद लागतो, हे बघायला मास्तर हयात नाहीत तेच बरं.

मास्तरांनी आपल्या दोघांना एकाच वर्षी पंच केलं. पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? खेळाडूला पंचाची नजर दिसली पाहिजे. त्याला शंका यायला नको की हा दुसरीकडेच बघत होता. म्हणून काळा चष्मा नाही, आणि म्हणून टोपीची पुढची कड वर दुमडायची. मी ती अजून दुमडतो. तुम्ही मात्र चाळिशी ओलांडलीत आणि एक दिवस गॉगल लावून हजर झालात. पोरं तुम्हाला गॉगलपंच म्हणायला लागली तरी तुम्ही ढिम्म. वर ताईंच्या कपाटातलं क्रीम चोपडून यायचात, स्क्वेअर लेगला गुलाबाचा वास सुटायचा. तेव्हा सगळे दात काढत होते आणि मी एकटा तुमची बाजू घेत होतो. त्याची परतफेड तुम्ही अशी केलीत.

ही जेवायला हाका मारतेय. थांबतो.

तुमचा (नात्यापुरता) साडू


१९ मार्च

साडूभाऊ,

तुमचं उत्तर मिळालं. एवढं मोठं पाकीट आणि आत दोन ओळी. "तुम्हाला सांगितलं असतं तर ऐकलं असतंत का? डोळा दाखवून घ्या." पहिल्या ओळीचं उत्तर नाही असं आहे. दुसरीचं उत्तर मी देत नाही.

परवा शाळांच्या स्पर्धेला गेलो होतो, नुसता बघायला. घरात बसून बसून हिच्या कामात लुडबुड करतोय असं ही म्हणते. मैदानावर गेलो आणि वाटलं चुकून दुसरीकडेच आलो. फाटकाशी टेबल, टेबलावर दाबायच्या पंपाची भलीमोठी बाटली. मला वाटलं हात धुवायचा साबण, म्हणून मी दोन्ही तळव्यांवर घेतला आणि नळ शोधायला लागलो. ते उन्हाचं क्रीम निघालं. खेळाच्या बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, काका, आता घेतलंच आहे तर मानेला लावा.

त्या बाईंचा खाक्या बघण्यासारखा आहे. टोपी नाही तर मैदान नाही, सरळ हिशोब. टोपीही आपल्या वेळची पुढे चोच असलेली नाही, चारी बाजूंनी रुंद कडेची. पोरांच्या जोड्या लावतात आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे कान बघायचे, क्रीम लागलंय की नाही ते. कान राहून जातात म्हणे सगळ्यांचे. एक कप्तान नाणेफेक जिंकला आणि बाई त्याला म्हणाल्या, आधी कान दाखव. सामने सकाळी सुरू होतात आणि ऊन चढायच्या आत संपतात. दुपारी मैदानावर कुत्रं नसतं.

मला आपलं आठवत राहिलं. रुमाल ओला करून टोपीखाली घातला की झाला बंदोबस्त. हंगामाच्या शेवटी नाकाची सालं निघायची आणि आपण ती एकमेकांना कौतुकाने दाखवायचो. घड्याळ काढलं की मनगटावर गोरा पट्टा, तो म्हणजे आपलं पदक. उन्हाला जपायचं ते मुलींनी. तुमच्या-आमच्या सासूबाई आठवा. दोघी मुलींना छत्रीखाली घेऊन चालायच्या, काळ्या पडाल, काळ्या पडाल असं घोकत, आणि मेहुणा बिचारा मागून बोडक्याने रखडत यायचा. त्याची कातडी जणू दुसऱ्या दुकानातली. आता रस्त्यावर बघतो तर स्कूटरवरचे पुरुषसुद्धा हातांना बाह्या चढवून, तोंड गुंडाळून चाललेले असतात. आणि कुणी गोरेपणाचं नाव काढत नाही, सगळे कातडीच्या तब्येतीचं बोलतात. सासूबाईंचा सल्ला बरोबर होता, कारण मात्र चुकलं होतं, आणि अर्ध्या घराला तो दिलाच नव्हता.

एक सांगतो. धावफलक लिहिणारे हल्ली इंग्रजी आकडे फार वाईट काढतात. आठ आणि तीन सारखेच दिसतात. शेजारच्या पालकाने धावा विचारल्या, मी एकतीस सांगितल्या आणि तो माझ्याकडे बघतच राहिला. एक्क्याऐंशी होत्या. नीट काढायला काय होतं? डोळा जरा लाल आहे, तो धुळीने.

तुमचा साडू


६ एप्रिल

साडूभाऊ,

हे पत्र वाचून झालं की खिशात ठेवा. ताईंच्या हाती लागता कामा नये, कारण ताईंना कळलं की दुपारच्या फोनवर हिला कळलंच.

मी डोळा दाखवला. खूश व्हा. तसा मी फक्त चष्म्याच्या दुकानात गेलो होतो, नंबर वाढला असेल म्हणून. दुकानदाराने यंत्रातून बघितलं आणि नंबर काढायचा सोडून मला एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तरुण आहेत, पण बोलणं तोडून टाकणारं. डाव्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसाचा पापुद्रा वाढलाय आणि सरकत सरकत बुबुळावर आलाय. लालसर होतं ते मी रोज दाढी करताना बघत होतो. धूळ, जागरण, वय, काय काय नावं दिली होती त्याला. तो पापुद्रा बुबुळ ओढून धरतो म्हणून एकाचे दोन दिसतात, कडा पुसट होतात, आणि समोरून ऊन आलं की सगळंच पांढरं होतं.

बाईंनी विचारलं, मासेमारी करता का? बांधकामावर होता का? म्हटलं, पंच आहे. त्या म्हणाल्या, म्हणजे आयुष्यभर उन्हात उभे, आणि काळा चष्मा नाही. म्हटलं, नाही. टोपी? म्हटलं, टोपी कायम, फक्त पुढची कड वर दुमडलेली. त्यांनी लिहायचं थांबवलं.

"काका," त्या म्हणाल्या, "म्हणजे टोपी डोक्याला होती. डोळ्यांना नव्हती."

मी मास्तरांची शिकवण समजावून सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली, आणि म्हणाल्या की तुमच्या मास्तरांचा डोळा कुणी तपासला होता का? आणि तुम्हाला सांगतो, मला एकदम आठवलं. शेवटच्या वर्षांत मास्तर वाचताना मान वाकडी करायचे. आपण दोघं त्याची नक्कल करायचो.

एवढंच असतं तर लिहिलं नसतं. पापुद्र्याच्या एका कडेला छोटा उंचवटा आहे, पांढुरका. तो बाईंना आवडलेला नाही. उन्हाने तसली वाईट गाठही होऊ शकते म्हणे. "बहुतेक काही नसेल, पण बहुतेकवर मी थांबत नाही." कापून तपासायला पाठवणार. वाईट निघालं तर पुढे काय, ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

हिला सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. बोलायचं तर कुणाशी, हा विचार करत बसस्टॉपवर बसलो, आणि सबंध गावात एकही माणूस आठवेना ज्याच्यापुढे मी भ्यालो असं म्हणू शकेन. मग तुम्ही आठवलात. माझा राग तसाच आहे, पण तो बाजूला ठेवून लिहितोय.

तुमचा साडू


२१ एप्रिल

साडूभाऊ,

अक्षर वळणदार दिसलं तर दचकू नका. माझ्या डाव्या डोळ्यावर पट्टी आहे आणि उजव्यालाही लिहिण्या-वाचण्याची बंदी. मी सांगतोय आणि ही लिहितेय.

(भावोजी, नमस्कार. मी जे सांगतील तेच लिहिणार असं कबूल केलंय, पण जिथे खोटं बोलतील तिथे कंस टाकणार.)

ऑपरेशन काल झालं. आदल्या दिवशी सकाळी हिला सांगावंच लागलं, कारण बरोबर माणूस आणल्याशिवाय घेणार नाही असं दवाखान्याने सांगितलं होतं. मी चहा पिता पिता अगदी सहज विषय काढला.

(कप हातात घेऊन गार होईपर्यंत बसले होते.)

हिला आधीच माहीत होतं. म्हणाली, दिवाळखोरासारखं तोंड करून हिंडताय, आणि वर्षभर पेपर वाचताना डावा डोळा मिटून घेता, मला काय कळत नाही? मग आधी का बोलली नाहीस म्हटलं, तर म्हणे मी बोलले असते तर तुम्ही हट्टाने आणखी दोन वर्षं काढली असती. तुम्हा दोघांचं माझ्याविषयी एकमत दिसतं. तर तुम्ही पत्र खिशातच ठेवलंत हे सिद्ध झालं. त्याबद्दल आभार.

(ताईला मीच सांगितलं. ती म्हणाली, हे गेले पंधरा दिवस जेवणात लक्ष देत नव्हते, त्याचं कारण आज कळलं.)

दुखलं नाही. डोळा बधिर करतात, आपण जागे असतो. डॉक्टरीणबाई कापता कापता माझ्याशी क्रिकेटवर बोलत होत्या. त्यांना पायचीतचा नियम कळत नाही. मी तसाच पडून समजावला, आणि त्या सारख्या म्हणत होत्या, हलू नका. पापुद्रा काढला, तिथे त्याच डोळ्याच्या वरच्या बाजूची पातळ चकती लावली. उंचवट्याचा तुकडा तपासणीला गेला. रिपोर्टला वेळ लागेल.

तोवर काय करायचं ते कळत नाही. रेडिओ लावतो, बंद करतो. आंधळा झालो तर, असं मनात येतं, आणि लगेच येतं की आंधळा झालो तर बरं, त्याहून वाईट ऐकायला लागलं तर? मला भीती वाटतेय, साडूभाऊ.

(हे शेवटचं वाक्य खोडायला सांगितलंय. मी खोडलेलं नाही.)

तुमचा साडू, आणि तुमची मेहुणी


३० एप्रिल

साडूभाऊ,

काही नाही! काही नाही निघालं!

फोनवर तुम्हाला हे कधीच कळलं असणार, कारण दवाखान्याच्या जिन्यातूनच हिने ताईंना फोन लावला. पण मला माझ्या हाताने लिहायचंय. साधी वाढ. उन्हाने जाडावलेली, म्हातारी झालेली कातडी, बाकी काही नाही. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट एका दमात वाचला आणि मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचला. मग मी खाली आलो आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलो तो उठेचना. वर जाणारे-येणारे मला वळसा घालून जात होते आणि मी सगळ्यांना नमस्कार करत होतो. ही फोनवर रडत होती आणि तिकडे ताई रडत होत्या, म्हणजे बोलणं काहीच झालं नसणार, बिल मात्र आलं असेल.

पट्टी निघालीय. पहिलं काय दिसलं असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे. आठ आठासारखे आणि तीन तिनासारखे. धावफलक लिहिणाऱ्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

बाईंची अट एकच. उन्हात जायचं तर काळा चष्मा आणि टोपीची कड खाली. नाही ऐकलंत तर पापुद्रा पुन्हा येईल. मास्तरांचा शब्द मोडायचा की घरी बसायचं, असा प्रश्न होता. खरं सांगू का? जिन्यावर बसलो होतो तेव्हाच तो सुटला होता. मास्तर चांगले होते, पण त्यांच्या काळी हे कुणाला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावरही मी तसंच वागलो, तर मास्तरांचा मान राहणार नाही, डोळा तेवढा जाईल.

दोघं गॉगल घ्यायला गेलो. हिने दुकानातली सगळी खोकी खाली उतरवायला लावली. एक लावून आरशात बघितलं आणि दचकलो, वाटलं मागे तुम्हीच उभे आहात. तोच घेतला. आता रोज बाहेर पडताना ही दारात बाटली घेऊन उभी असते आणि मला कान पुढे करावे लागतात. क्रीमला वास नाही. गुलाबाचं घेऊ का म्हणाली, मी नको म्हटलं.

तुमचा साडू


१७ मे

साडूभाऊ,

काल उभा राहिलो.

सेक्रेटरीकडे सर्टिफिकेट टाकलं, त्याने शाळेच्या पोरांचा सामना दिला. सकाळी लवकर, ऊन कोवळं. तरी गॉगल लावला, टोपीची कड खाली, कान माखलेले. ड्रेसिंग रूममधून बाहेर पडताना दारातच गॉगल एकदा काढला, पुन्हा लावला. वाटलं, आता कुणीतरी म्हणणार, बघा गॉगलपंच नंबर दोन. फाटकाशी खेळाच्या बाई होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पुढच्या पोराचे कान तपासायला लागल्या. बस, एवढंच. कुणाला त्यात बघण्यासारखं काही दिसलंच नाही. तिथे प्रत्येक जण तसाच होता. स्क्वेअर लेगला माझ्या जोडीला एक नवीन मुलगी पंच होती, तिचाही गॉगल, तिच्याही नाकावर पांढरं क्रीम.

पहिल्याच षटकात पायचीतचं अपील. पोरं अशी कोकलली की टाकीवरची पाखरं उडाली. मी बघितलं होतं. चेंडू टप्पा पडून आत आला, पायाला लागला, मधल्या यष्टीवर जाणार होता. सगळं, साडूभाऊ, सगळं स्वच्छ दिसलं, चेंडूची शिवणसुद्धा. बोट वर करायच्या आधी मी सवयीने त्या पोरांच्या तोंडांकडे बघितलं, माझी नजर ते शोधत असतील म्हणून. एकही माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता. सगळे, तो गोलंदाज, तो फलंदाज, पार सीमारेषेवरचं शेंबडं पोरगंसुद्धा, माझ्या हाताकडे बघत होते. बोट वर जातंय की नाही, एवढंच. आणि मला असं वाटतं की आपल्या वेळीही ते तिकडेच बघत होते. आयुष्यभर टोपी दुमडून ज्यांना मी नजर दाखवली त्यांनी ती कधी बघितलीच नव्हती. मला तिथे उभ्या उभ्या हसू फुटलं. गॉगलखाली कुणाला कळलं नाही, तेवढा त्याचा उपयोग झाला.

आता फायनलचं. त्या दिवशी मला चेंडू दिसला नव्हता. तो उन्हात शिरला तो कीपरच्या हातातच बाहेर आला. कट्ट असा काहीतरी आवाज ऐकला आणि बोट वर केलं. तुम्ही ते ओळखलंत. माझ्या तोंडावर बोलला असतात तर मी तुम्हाला उडवून लावलं असतं, आणि आज तो पापुद्रा अर्ध्या बुबुळावर असता. तुम्ही सेक्रेटरीला सांगितलंत म्हणून मी घरी बसलो, घरी बसलो म्हणून पिसाळलो, आणि पिसाळलो म्हणून तुम्हाला खोटं पाडायला चष्म्याच्या दुकानात गेलो. हो, त्यासाठीच गेलो होतो. नंबर काढून आणून तुम्हाला पाठवणार होतो.

पुढच्या हंगामाचं पॅनेल जूनच्या शेवटी ठरतं. तुम्ही मुलीकडे राहायला गेलात ते मला माहीत आहे, पण सामने शनिवार-रविवारीच असतात आणि आमच्याकडे एक खोली रिकामीच आहे. ताईंना घेऊन या, म्हणजे फोनचा खर्च वाचेल. टाकीकडचं टोक तुम्ही मागितलंत तरी देणार नाही.

आपल्या खुणांमध्ये एक खूण आहे जी मी सगळ्या कारकिर्दीत कधी केली नाही. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन, उजव्या हाताने डावा खांदा आणि डाव्या हाताने उजवा खांदा धरायचा, म्हणजे आधीची खूण रद्द. आत्ता, हे पत्र लिहिता लिहिता, पेन ठेवलं आणि खुर्चीत बसून ती केली, चांगली लांब, तुम्हाला तिकडून दिसावी अशी.

ही दारातून म्हणाली, काय हो, थंडी वाजतेय का?

तुमचा साडू